साल गेलेलं पुस्तक

आमच्या शाखेत लॉकर मागायला येणारी माणसं साधारण दोन प्रकारची. एक, ज्यांच्याकडे सोनं आहे ती. आणि दुसरी, ज्यांच्याकडे सोनं नाही पण आहे असं शेजाऱ्यांना वाटायला हवं ती. आमच्या हिचे मामा तिसऱ्या प्रकारातले निघाले. ऐन सोमवारी, पासबुकांचा ढीग समोर असताना, त्यांनी काउंटरवर एक कापडी पिशवी ठेवली. पिशवीत प्लॅस्टिकची पिशवी, तिच्यात वर्तमानपत्र, वर्तमानपत्रात धुतलेलं धोतर आणि धोतरात कडुनिंबाच्या पाल्यासकट एक पुस्तक.

"किती तोळे?" आमच्या हेड कॅशियरनं धोतर पाहूनच विचारलं.

"अठराशे सत्तावन्न," मामा म्हणाले.

हेड कॅशियर खुर्चीतून उठला. एवढं सोनं डहाणू रोडला आहे आणि आपल्याला माहीत नाही, हे त्याला सहन होईना. मी त्याला बाजूला घेऊन सांगितलं की ते तोळे नाहीत, साल आहे. तो पुन्हा बसला. त्यानंतर तो मामांशी नीट बोलला नाही.

पुस्तक होतं बाबा पदमनजींचं 'यमुनापर्यटन'. मराठीतली पहिली कादंबरी म्हणून शाळेत जिचं नाव पाठ करून आपण एक मार्क मिळवतो आणि जिचं पान आपण जन्मात उघडत नाही, ती. मामांच्या म्हणण्याप्रमाणे ही तिची पहिली आवृत्ती. हे 'म्हणण्याप्रमाणे' लक्षात ठेवा. पुढे त्यावरच सगळं आहे.

मी पडलो बी.कॉम. वाङ्मयाशी माझा संबंध 'महोदय' ते 'आपला विश्वासू' एवढ्या टप्प्यातला. मामांचं तसं नाही. मामांनी उभी हयात मुंबईत फोर्टमधल्या एका जुन्या पुस्तकांच्या दुकानात हिशेब लिहिण्यात घालवली. पगार बेताचा, पण दुकानात परदेशांतले कॅटलॉग यायचे. ते जेवणाच्या सुट्टीत वाचून वाचून या माणसाला फ्रेंच कादंबऱ्यांच्या पहिल्या आवृत्त्यांचं असं काही वेड लागलं की ज्याचं नाव ते. त्यांना फ्रेंच येत नाही. त्यांनी तसलं एकही पुस्तक हातात धरलेलं नाही. धरणार कसं? एका पुस्तकाची किंमत म्हणजे मामांची ग्रॅच्युइटी. मग त्यांनी तेच वेड मराठीत आणलं. फ्लोरा फाउंटनच्या फुटपाथवर पाच-दहा रुपयांत मिळेल ते एकोणिसाव्या शतकातलं मराठी पुस्तक घ्यायचं आणि घरी येऊन वहीत नोंदवायचं. वही खतावणीसारखी, रकाने आखलेली: नाव, कर्ता, छापखाना, साल, आवृत्ती, अवस्था. निवृत्त झाल्यावर ही सगळी इस्टेट दोन ट्रंकांत भरून ते मल्याणात राहायला आले. समुद्राची खारी हवा, पावसाळ्यात भिंतींना सुटणारं पाणी, आणि वाळवी. पुस्तक लवकर मरावं अशी इच्छा असेल तर डहाणूसारखं गाव नाही. मामांना मात्र चिकू आवडतात.

आता या पहिल्या आवृत्तीच्या शास्त्राबद्दल थोडं सांगतो, कारण बँकेत वीस वर्षं काढलेल्या माणसाचं डोकं फिरवील असं ते शास्त्र आहे.

फ्लोबेअर नावाच्या फ्रेंच लेखकानं 'मादाम बोव्हारी' ही कादंबरी लिहिली. ती आधी नियतकालिकातून आली, त्याबरोबर नीतिमत्तेला धक्का लावल्याबद्दल लेखकावर खटला झाला. १८५७ च्या फेब्रुवारीत तो सुटला आणि एप्रिलमध्ये पुस्तक निघालं, दोन भागांत, प्रत्येक भाग एक फ्रँक. सोडवणाऱ्या वकिलाला लेखकानं कृतज्ञतेनं पुस्तक अर्पण केलं. आणि अर्पणपत्रिकेत छापखान्यानं वकिलाचं नाव चुकवलं! शेवटी 'डी' हवा तिथं 'टी' पडला. फ्रेंच माणूस दोन्हींचा उच्चार करत नाही, त्यामुळे ऐकणाऱ्याला फरक नाही; पण ज्या प्रतीत ही चूक आहे ती सगळ्यांत आधी छापलेली, म्हणून तिला भाव जास्त. चूक दुरुस्त केलेली प्रत स्वस्त!

आमच्याकडे चेकवर एका अक्षराची चूक झाली तर चेक परत जातो, वर खातेदाराला दंड बसतो. आणि खाली सही माझी असली तर मलाही बोलणी बसतात.

दुसरा किस्सा स्तांदालचा. त्याची 'तांबडं आणि काळं' या अर्थाच्या नावाची कादंबरी १८३० च्या नोव्हेंबरात दुकानात आली, पण मुखपृष्ठावर साल छापलं १८३१. म्हणजे पुढच्या तारखेचा चेक! प्रती काढल्या अवघ्या साडेसातशे. व्हिक्टर ह्यूगोचं 'ले मिझराब्ल' १८६२ साली ब्रसेल्समध्ये पॅरिसच्या काही दिवस आधी बाहेर पडलं. फ्रान्समधल्या सर्वांत गाजलेल्या कादंबरीची पहिली आवृत्ती फ्रान्सची नाहीच, यावर मामा तासभर बोलू शकतात, आणि बोलतातच.

पण कळस पुढेच आहे. त्या काळी फ्रेंच कादंबरी पातळ कागदी वेष्टनात विकायची आणि तिची पानं कडेला जोडलेलीच असायची. गिऱ्हाइकानं सुरीनं एकेक पान कापत वाचायचं. आज सगळ्यांत जास्त भाव कुठल्या प्रतीला? वेष्टन शाबूत आणि पानं न कापलेली असतील तिला. म्हणजे जी दीडशे वर्षांत कुणी वाचली नाही ती!

"मामा," मी म्हटलं, "हे म्हणजे न चाललेल्या नाण्याला जास्त किंमत."

"असतेच ना," मामा म्हणाले. "तुझ्या बँकेला नसेल."

या मुद्द्यावर मला उत्तर सुचलं नाही. घरी येऊन सुचलं, पण ते इथं उपयोगाचं नाही.

लॉकरचं पुढं काय झालं ते सांगायचं राहिलं. मामांना मी आमची स्ट्राँगरूम दाखवली. जुलै महिना होता. लॉकरच्या दाराला हात लावून मामांनी बोट चाखलं आणि म्हणाले, "खारट आहे." धोतर, वर्तमानपत्र, प्लॅस्टिक, पिशवी अशा उलट्या क्रमानं पुस्तक घरी गेलं.

त्या संध्याकाळी मल्याणच्या ओटीवर मी पहिल्यांदा ते पुस्तक नीट पाहिलं. मामा चिकू सोलत होते. मी सालीसकट खाणाऱ्यांतला. मामा साल काढतात, पातळ, एका पट्टीत. मी अंदाजानं मुखपृष्ठ शोधलं, तर पुस्तकाला मुखपृष्ठच नाही! एका कुठल्याशा वाचनालयाच्या बाइंडरनं कधीतरी पुठ्ठा चढवताना पहिली पानं उडवलेली. आतलं शीर्षकाचं पान अर्धं उरलं होतं. वरचा भाग शाबूत, आणि खाली जिथं छापखाना आणि साल असतं तिथं नकाशातल्या खाडीसारखी एक नागमोडी कड. वाळवी. अख्ख्या पुस्तकात वाळवीनं खाल्लं काय, तर साल!

"मग ही पहिली आवृत्ती कशावरून?"

"कागदावरून. टायपावरून. वासावरून."

'यमुनापर्यटन'च्या पुढेही आवृत्त्या निघाल्या आहेत. ही त्यांतली असू शकते. कायद्याच्या भाषेत सांगायचं तर या ऐवजाचा मालकी हक्क निर्वेध आहे, जन्मतारीख वादग्रस्त. आम्ही फाटकी नोट आली की किती भाग उरलाय ते मोजून पैसे देतो. पुस्तकांना असा नियम असता तर मामांना नव्व्याण्णव टक्के मिळाले असते. पण पहिल्या आवृत्तीच्या बाजारात उरलेला एक टक्का हीच नोट.

मी व्यवहारी माणूस. मी म्हटलं, सोपं आहे. दादरला मुंबई मराठी ग्रंथसंग्रहालय आहे, १८९८ सालचं. जुन्या पुस्तकांसाठी तिथं जातातच. पत्र टाकू, तिथल्या प्रतीशी ओळ ओळ ताडून पाहू. २०१३ पासून डहाणू रोडहून चर्चगेटची लोकल सुटते, बसायला जागा मिळते, एका दिवसात काम. मामा म्हणाले, "उत्तम." ठरलेल्या दिवशी त्यांना सर्दी झाली. पुढच्या वेळी पाहुणे आले. मग पाऊस. मग उन्हाळा. माझी ही शेवटी म्हणाली, "अहो, तुम्हांला कळत कसं नाही? ते जायचेच नाहीत."

खरंच मला कळलं नव्हतं.

तोपर्यंत मी निराळाच उद्योग केला. मी ती कादंबरी वाचली. मामांची प्रत नव्हे. तिचं पान उलटलं की पापडासारखा आवाज येतो आणि मामा डोळे मिटतात. नंतरच्या छापाची झेरॉक्स मिळवली. आणि जोडीला, त्याच वर्षी निघालेली म्हणून, 'मादाम बोव्हारी'चं इंग्रजी भाषांतर वाचलं. दोन्ही संपायला मला चार महिने लागले. वार्षिक क्लोजिंग मध्ये आलं.

'यमुनापर्यटन' आवडली का, असं विचाराल तर प्रामाणिकपणे सांगतो, पहिल्या काही प्रकरणांत मी दोनदा झोपलो. विनायक आणि यमुना हे सुशिक्षित जोडपं प्रवासाला निघतं, गावोगाव विधवांचे हाल पाहतं आणि त्यावर चर्चा करतं. चर्चा फार. पदमनजी ख्रिस्ती झालेले, धर्माच्या तळमळीनं लिहिणारे. त्यामुळे पात्रं बोलायला लागली की प्रवचनच सुरू होतं आणि कथा बिचारी बाहेर चपला सांभाळत बसते. मध्येच विनायक जातो, यमुना स्वतःच विधवा होते, शेवटी ख्रिस्ती होऊन पुन्हा लग्न करते. शेवट आधीपासून ठरवून ठेवलेला आणि तिथं पोचायची लेखकाला घाई, हे लपत नाही.

पण वाटेत जागोजाग ज्या बायका भेटतात, तिथं मात्र झोप उडते. त्यांचे प्रसंग लहान आहेत. कुणी कोपऱ्यात बसलेली, कुणी न्हाव्यापुढं बसवलेली. तिथं पदमनजी प्रवचन विसरतात आणि नुसतं दाखवतात. विधवाविवाहाचा कायदा १८५६ चा. पुस्तक त्याच्या पुढच्या सालचं. मराठीला कादंबरी म्हणजे काय हे अजून माहीत नव्हतं, तेव्हा या माणसानं पहिल्याच झटक्यात विषय कुठला धरला, तर घरातल्या त्या कोपऱ्याचा. त्यानंतर आलेल्या 'मुक्तामाला' (१८६१) आणि 'मंजुघोषा' (१८६८) अद्भुतरम्यात शिरल्या. वाचकांना तेच हवं होतं, लेखकांनी दिलं. तक्रार नाही. पण यमुनेनं उघडलेलं दार पुढची कित्येक वर्षं नुसतं लोटलेलं राहिलं.

बोव्हारीबाईंची गोष्ट निराळी. कारागिरीत फ्लोबेअरपुढं आमचे पदमनजी म्हणजे बिगारीतले, ते मान्य. एम्मा बोव्हारी कादंबऱ्या वाचवाचून बिघडली असं लोक म्हणतात. मी बँकवाला, मला तसं दिसलं नाही. ती बुडाली वचनचिठ्ठ्यांवर सह्या करून. तो कापडवाला लर्‌र तिला उधार देतो, चिठ्ठी फिरवतो, नवी लिहून घेतो, आणि शेवटी जप्ती आणतो. प्रेमप्रकरणं दोन, पण विष घ्यायची वेळ येते ती थकबाकीनं. जगातल्या या थोर प्रेमकथेच्या मुळाशी एक बुडीत खातं आहे, हे आमच्या वसुली विभागाला कुणीतरी सांगायला हवं. पण वाचताना मनात आलं, एम्माला निदान कुणी उधार तरी दिलं. त्याच साली आमच्या यमुनेच्या वाटेत भेटलेल्या बायकांपैकी एकीचीही सही कुणी मागितली नसती.

हे मी मामांना सांगितलं. मामा ऐकत होते, मग म्हणाले, "तू पूर्ण वाचलंस?"

"हो. तुम्ही?"

मामा चिकूची बी काढण्यात गुंतले.

इथं मी मामांची टिंगल करून मोकळा झालो असतो, आणि पहिल्या आवृत्त्यांचा षौक हा न वाचणाऱ्यांचा षौक आहे असा निकाल देऊन लेख संपवला असता. माझा निकाल तयारही होता. पण मामांनी मला गप्प केलं. म्हणाले, पुस्तकं सरकारदरबारी नोंदवायचा कायदा आला १८६७ साली. त्याआधीच्या मराठी पुस्तकांना जाणकार दोलामुद्रितं म्हणतात, पाळण्यातली पुस्तकं. पाळण्यात गेलेल्यांची नोंद कोण ठेवणार? शं. ग. दाते या गृहस्थांनी १८०० पासून १९३७ पर्यंतच्या मराठी पुस्तकांची सूची केली, म्हणून निदान नावं कळतात. नाव कळलं तरी पुस्तक कुणाच्या तरी ट्रंकेत असावं लागतं. "तुझी झेरॉक्स कशावरून निघाली? कुठल्या तरी वेड्यानं न वाचता जपलेल्या प्रतीवरूनच ना?"

आणि आमच्याकडे मुदलात पहिली आवृत्ती म्हणजे काय, हेही मामांनीच विचारलं. गुंजीकरांचं 'मोचनगड' पुस्तकरूपानं आलं १८७१ साली, पण त्याआधी ते 'विविधज्ञानविस्तार'मधून येत होतं. हरिभाऊ आपट्यांची 'मधली स्थिती' १८८५ मध्ये 'पुणेवैभव' या वृत्तपत्रात आली. तिचं मूळ इंग्रजीत, रेनॉल्ड्सच्या 'मिस्टरीज ऑफ ओल्ड लंडन'मध्ये. आणि रेनॉल्ड्सला लंडनची रहस्यं लिहायची बुद्धी झाली ती युजीन स्यू या फ्रेंचाची 'पॅरिसची रहस्यं' पॅरिसच्या वृत्तपत्रात गाजली म्हणून. पॅरिसहून लंडन, लंडनहून पुणे; आणि प्रत्येक ठिकाणी खरी पहिली आवृत्ती वर्तमानपत्राच्या कागदावर, जिच्यात दुसऱ्या दिवशी वाण्यानं हिंग बांधून दिला. बांधीव पहिल्या आवृत्तीचे पुजारी त्या पुडीला नमस्कार करत नाहीत. का, ते मामांनाही सांगता आलं नाही.

त्यावरून आठवलं म्हणून मी पुढच्या रविवारी आमच्या आजीचं पुस्तक घेऊन गेलो. हरिभाऊंचं 'पण लक्षात कोण घेतो', जे १८९० पासून 'करमणूक'मधून आलं. तिची ही कितवीतरी आवृत्ती, पणजीनं घेतलेली. तिच्यातल्या नायिकेचं नाव यमू, म्हणजे यमुनाच. हे तोवर माझ्या लक्षात आलं नव्हतं. पदमनजींच्या यमुनेनं दुसऱ्यांचं दुःख हिंडून पाहिलं. या यमूनं स्वतःचं घरात बसून सांगितलं, स्वतःच्या तोंडानं.

मामांनी आवृत्ती पाहून पुस्तक बाजूला ठेवलं. मग सवयीनं पुन्हा उचललं आणि अवस्था तपासू लागले. सगळं पुस्तक तेलकट. दुपारी बायका निवडण-टिपण करत बसायच्या आणि पणजी मोठ्यानं वाचायची. पानांवर हळदीची बोटं, एका ठिकाणी दिव्याचं तेल, कोपरे दुमडून दुमडून गेलेले. आणि शेवटाकडे एकाएकी काही पानं स्वच्छ. कोरी करकरीत, काल छापल्यासारखी.

मामांचे डोळे चमकले. "ही पानं बघ! काय सुंदर राहिलीत."

मी पाहिलं. यमूचं केशवपन होतं, ती पानं.

आजीनं सांगितलेलं मला तेव्हा आठवलं. लहानपणी ऐकलं होतं, पण अर्थ लागला नव्हता. वाचन त्या जागेला आलं की पणजी पुस्तक मिटायची. "पुढचं उद्या," म्हणायची. दुसऱ्या दिवशी पहिल्या पानापासून सुरुवात. कितीदा तरी. कारण माजघराच्या दाराशी आत्याबाई बसलेल्या असायच्या, पणजीच्या सासऱ्यांची बहीण, लाल आलवणातल्या. त्याही ऐकायच्या. कुणी काही बोलायचं नाही. आजीनं ती पानं वाचली थेट मॅट्रिकच्या वर्षी, एकटीनं, माळ्यावर.

मी हे सगळं मामांना सांगितलं. ओटीवर बराच वेळ नुसता पंख्याचा आवाज. फास्ट गाडी गेली, खिडकीची तावदानं वाजून थांबली.

मग मामा आत गेले, खतावणी घेऊन आले आणि चष्मा लावून बसले. नाव लिहिलं, कर्ता लिहिला. छापखाना आणि आवृत्ती पुस्तकात पाहून लिहिली. 'अवस्था' या रकान्याशी त्यांचं पेन थांबलं. एरवी तिथं ते 'बरी', 'मध्यम', 'कसर लागलेली' असं काहीतरी लिहितात. त्यांनी लिहिलं, 'वाचलेली'. आणि जरा थांबून पुढं कंसात, 'शेवटची पाने सोडून'.

"पुस्तक इथंच राहू दे," ते म्हणाले. "यमुनेच्या शेजारी ठेवतो. तुझ्याकडे पोरं फाडतील."

मी हो म्हटलं. "आणि त्या पुस्तकाची झेरॉक्स आण येताना," ते मागून म्हणाले. "डोळ्यांनी बारीक टाइप दिसत नाही आता. तू वाच. मी प्रत हातात धरून बसतो."

दादरचा विषय त्यांनी काढला नाही. मीही काढला नाही. फक्त निघताना, जन्माची सवय म्हणून, आजीच्या पुस्तकाची पावती मागितली. मामांनी खतावणीचं पान फाडून लिहून दिली. सालासकट.